जुन्या गाड्यांचा नवा अवतार

नागपुरांत महालाकडून इतवारीकडे जाणाऱ्या एखाद्या रस्त्यावर सकाळच्या प्रहरीं दोन स्कूटरी शेजारीं शेजारीं उभ्या राहिलेल्या दिसाव्या, यांत आतां नवल राहिलेलें नाहीं. त्यांपैकीं एक तीस-पस्तीस वर्षें वापरलेली बजाज चेतक असते. दुसरी त्याच नांवाची, पण विजेवर चालणारी, अगदीं नवी. पहिली सुरू करण्यापूर्वीं तिचा मालक तिला एका बाजूस चांगली कलवितो, पुन्हां उभी करून दोन-चार वेळां किक मारतो, आणि मग कोठें ती निळसर धूर सोडीत जागी होते. दुसरी आवाज न करतां पुढें निघून जाते. दोघींनाहि नांव राणा प्रतापाच्या घोड्याचें. परंतु एकीच्या पोटांत जें यंत्र आहे त्यांतलें कांहींच दुसरीच्या पोटांत नाहीं.

अशा प्रकारें जुन्या गाडीचें नांव आणि रूप घेऊन नवी गाडी बाजारांत आणणें योग्य काय, असा प्रश्न हल्लीं वारंवार निघतो. वरवर पाहतां हा शौकीन लोकांच्या गप्पांचा विषय वाटतो. परंतु मध्यम स्थितीच्या कुटुंबांत घराच्या खालोखाल मोठा खर्च होतो तो बहुधा वाहनावर. आणि जेव्हां एखादी वस्तु तिच्या गुणांबरोबरच गिऱ्हाइकाच्या आठवणींवरहि विकली जाते, तेव्हां पैसे नेमके कशाचे दिले जात आहेत याचा विचार करणें अवश्य ठरतें. वडिलांच्या स्कूटरच्या पुढच्या बाजूस उभें राहून शाळेला गेलेला मुलगा आज स्वतः मिळवता झाला आहे. कारखानदाराचें लक्ष त्याच्या खिशाकडे आहे, आणि त्या खिशाची किल्ली त्याच्या बालपणांत आहे, हें कारखानदारास पक्कें ठाऊक असतें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जुन्या गाड्यांत आज जें विचित्र वाटतें, तें गंमत म्हणून कोणी केलेलें नव्हतें. १९५६ सालीं सुएझ कालव्याचा तंटा उद्भवला आणि इंग्लंडांत पेट्रोल मोजून-मापून मिळूं लागलें. थोड्या पेट्रोलांत चार माणसें नेणारी लहानशी गाडी हवी, या निकडींतून अलेक इसिगोनिस या स्थापत्यकुशल गृहस्थानें इंजिन उभें न ठेवतां आडवें बसविलें, चाकें अगदीं चार कोपऱ्यांस नेलीं, आणि अवघ्या दहा फूट लांबीची 'मिनी' १९५९ सालीं रस्त्यावर आणली. तिचें तें खेळण्यासारखें रूप म्हणजे एका अवघड गणिताचें उत्तर होतें. जर्मनीच्या 'बीटल' गाडीचें इंजिन मागच्या बाजूस असे व तें पाण्याऐवजीं वाऱ्यानें थंड होई. त्यामुळें थंडींत गोठण्यास व उन्हाळ्यांत उकळण्यास तींत पाणीच नसे. ही गाडी २ कोटी १५ लाखांहून अधिक संख्येनें तयार झाली.

आपल्याकडील स्कूटरचेंहि तसेंच. तिचें मूळ १९४६ सालच्या इटालियन 'व्हेस्पा'मध्यें आहे. ती रचणारा कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानविद्येंतील तज्ज्ञ होता आणि मोटारसायकल त्यास आवडत नसे. म्हणून त्यानें इंजिन पत्र्याखालीं झांकलें, म्हणजे कपड्यांस तेल लागूं नये. साखळी काढून टाकली. पुढची बाजू मोकळी ठेवली. पायांपुढें चिखल अडविणारा पत्रा उभा केला. गिअर डाव्या हाताच्या मुठींत दिला. आणि वाटेंत पंक्चर झाल्यास बदलण्यासाठीं एक चाक जादा दिलें. पुढें हीच रचना हिंदुस्थानांत आली, तेव्हां धोतर नेसलेल्या गृहस्थास आणि पातळ नेसलेल्या गृहिणीस ती जणूं काय आपल्यासाठींच योजिली आहे असें वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं.

ती येथें आणणारें घराणें नागपूरकरांस परकें नाहीं. नागपूरहून सुमारें पाऊणशें किलोमीटरांवर वर्धा. तेथील जमनालाल बजाज यांच्या कुटुंबाच्या कारखान्यानें पुण्याजवळ आकुर्डी येथें प्रथम इटालियन कंपनीच्या परवान्यानें आणि नंतर स्वतंत्रपणें स्कूटरी बनविल्या. १९७२ सालीं 'चेतक' निघाली. त्या काळीं मागणी मोठी आणि उत्पादनावर सरकारी मर्यादा, यामुळें नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहावी लागे. स्कूटर घरीं आली म्हणजे तिला हार घालून पेढे वांटले जात. पुढें नवरा, बायको, मधें एक मूल आणि पुढें उभें दुसरें, असें सबंध कुटुंब तिच्यावरून सीताबर्डीस बाजाराला जाई. पुढें कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या, बिनगिअरच्या हलक्या स्कूटरी आल्या, आणि चेतकचें उत्पादन थांबलें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं, २०१९ च्या ऑक्टोबरांत, तेंच नांव विजेच्या स्कूटरवर झळकलें. १४ जानेवारी २०२० रोजीं ती पुणें व बंगळूर येथें विक्रीस निघाली, आणि २०२१ सालीं नागपुरांतहि तिची नोंदणी सुरू झाली.

आतां या नव्या चेतकची परीक्षा कशी करावी? केवळ रूपसादृश्य पाहावयाचें तर पत्र्याचें अंग, गोलसर वळणें आणि नांव हीं तिनें राखलीं आहेत. पत्रा राखला ही गोष्ट लहान नाहीं, कारण अलीकडील बहुतेक स्कूटरींचीं अंगें प्लॅस्टिकचीं असतात. धूर गेला, तेलमिश्रित पेट्रोल गेलें, हा उघड लाभ आहे. पहिल्या गाडींतील बॅटरी एकदां पूर्ण भरण्यास सुमारें तीन युनिट वीज पुरे, म्हणजे रोजचा खर्चहि हलका. इतक्यावर थांबलें तर निकाल नव्या गाडीच्या बाजूनेंच लागेल.

परंतु जुन्या चेतकचें मोठेपण तिच्या वळणांत नव्हतें. तें यांत होतें कीं ती गल्लींतल्या कारागिरास उघडतां येई. क्लचची तार तुटली, प्लग काळा पडला, कार्बोरेटरमध्यें कचरा अडकला, तर चौकांतला मिस्त्री पान्हा घेऊन बसे आणि तासाभरांत गाडी हातीं देई. कांहीं कामें मालक स्वतःच अंगणांत बसून उरकी व शेजारीं बसलेला मुलगा एकेक वस्तु हातांत देतां देतां तें शिके. या गुणामुळेंच ती स्कूटर एका घरांत वीस-पंचवीस वर्षें टिकली आणि बापाकडून मुलाकडे गेली. नव्या चेतकवर आरंभीं कंपनीनें तीन वर्षें अथवा ५०,००० किलोमीटर यांची हमी दिली होती. हमी संपल्यावर बॅटरी थकली तर ती कोणी बदलावयाची, किती रुपयांस, आणि दहा वर्षांनंतर तशी बॅटरी मिळेल काय, हे प्रश्न नागपुरासारख्या गांवीं विशेष महत्त्वाचे आहेत. येथें वैशाख-ज्येष्ठांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो, आणि अति उष्णता ही अशा बॅटरीच्या आयुष्यास मारक असते. विजेच्या गाडींत फिरते भाग थोडे, म्हणून बिघाडहि थोडे, हें खरें. पण बिघाड झालाच तर मालक आणि मिस्त्री दोघेहि हात बांधून उभे राहतात, हेंहि तितकेंच खरें.

चेतकच्याच वर्षीं, १९७२ मध्यें, महाराष्ट्रांतच जन्मलेलें दुसरें एक वाहन म्हणजे फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीची 'लूना'. सायकल आणि मोटारसायकल यांच्या मधली ती चीज, पन्नास सी.सी.चें चिमुकलें इंजिन, आणि पेट्रोल संपलें तर पायडल मारून घर गांठण्याची सोय. दिसावयास ती कधींच डौलदार नव्हती, आणि पुष्कळांनीं तिची थट्टाहि केली. तथापि दूधवाला, वर्तमानपत्रवाला, भाजीचा किरकोळ व्यापारी, नुकती नोकरी लागलेली शिक्षिका, अशा लोकांस ती परवडे. २०२४ च्या फेब्रुवारींत हीच लूना विजेवर चालणारी होऊन परत आली. तींत पायडलें राहिलीं नाहींत. परंतु पुढें सामान ठेवण्याची मोकळी जागा, काढून ठेवतां येणारी मागची बैठक, दीडशें किलोपर्यंत ओझें नेण्याची कंपनीनें सांगितलेली शक्ति आणि सत्तर हजारांच्या आसपासची आरंभींची किंमत हीं पाहिलीं म्हणजे असें दिसतें कीं येथें जुनें काम परत आणण्याचा प्रयत्न झाला आहे. कॉटन मार्केटमधून पोतें घेऊन निघालेल्या माणसास लूनाच्या आठवणीशीं कांहीं कर्तव्य नसतें. पोतें नीट बसतें कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. पुनरुज्जीवनाची याहून चांगली कसोटी सांपडणें कठीण.

मोटारींच्या क्षेत्रांतील ताजें उदाहरण पुण्याच्या टाटा कारखान्याचें आहे. १९९१ सालीं निघालेल्या त्यांच्या 'सिएरा' गाडीस तीनच दारें होतीं, आणि मागच्या अंगास छपराकडे वळलेल्या, न उघडणाऱ्या मोठ्या काचा होत्या. मागें बसणाऱ्यास आकाश दिसे. मात्र मागें जाण्यासाठीं पुढची बैठक वांकवून अंग चोरून शिरावें लागे. २०२५ च्या नोव्हेंबरांत तें नांव पुन्हां आलें, तेव्हां गाडीस पांच दारें देण्यांत आलीं आणि त्या वळलेल्या काचेचा केवळ भास राखण्यांत आला. जुन्या गाडीच्या भक्तांनीं यावर नाक मुरडलें तरी दारांच्या बाबतींत कारखान्याचेंच बरोबर म्हणावें लागतें. म्हाताऱ्या आईस मागच्या बैठकीवर बसवितांना तीन दारांची गंमत कोणास वाटत नाहीं. जुन्या वस्तूचा दोषहि प्रेमापोटीं परत आणावा, असा आग्रह धरणें हें रसिकतेचें लक्षण नव्हे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, रूपाचा आनंद हाहि आनंदच आहे. साडीचा कांठ आजीच्या लुगड्यासारखा हवा म्हणून जी स्त्री जादा पैसे मोजते, तिला कोणी वेडी म्हणत नाहीं, मग गाडीनेंच काय पाप केलें? आक्षेप खोटा नाहीं. शिवाय जुनी गाडी जशीच्या तशी पुन्हां काढणें आज शक्यहि नाहीं. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींस सुधारलेल्या ब्रेकची सक्ति आहे, आणि एप्रिल २०२० पासून धुराचे नियम पुष्कळ कडक झाले आहेत. हे दोन्ही नियम लोकांच्या जिवासाठीं आहेत. तेव्हां आंत नवें आणि बाहेर जुनें अशी सांगड घालणें अपरिहार्य होतें. परंतु साडीचा कांठ पंधरा वर्षांनीं बंद पडून रस्त्यांत उभा राहत नाहीं. गाडीनें रोज कामावर पोंचविलें पाहिजे. म्हणून तिच्या बाबतींत रूपाचा आनंद हा कामाच्या मागून यावयास हवा.

परदेशांत ज्यांनीं हा क्रम उलटा केला त्यांचा अनुभव बोलका आहे. १९९८ सालीं दाखविलेल्या नव्या 'बीटल'चें इंजिन पुढें आलें, पाण्यानें थंड होऊं लागलें. राहिला तो फक्त गोल आकार, आणि त्या आकारापायीं मागें बसणाऱ्याच्या डोक्यावरची जागा आंखूड झाली. नांवाचें कौतुक ओसरल्यावर २०१९ सालीं ती बंद झाली. २००१ सालची नवी 'मिनी' मात्र पुष्कळ खपली, आणि चालविण्यास ती उत्तम आहे असें म्हणतात. पण मूळ दहा फुटांच्या गाडीची ही नवी बहीण बारा फुटांच्या घरांत गेली, आणि तुटपुंज्या पेट्रोलांत गरिबाचें कुटुंब नेण्यासाठीं जन्मलेलें नांव श्रीमंतांच्या हौशीचें झालें. व्यापार म्हणून यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र जें नांव सामान्य माणसाच्या गरजेंतून मोठें झालें, तें त्याच्याच आवांक्याबाहेर जावें, यांत थोडी कृतघ्नता आहे.

ज्यांस जुनी वस्तुच हवी आहे, त्यांच्यासाठीं वेगळा मार्ग मोकळा आहे. नागपूरचे खासदार नितीन गडकरी ज्या खात्याचे मंत्री आहेत, त्या रस्ते-वाहतूक खात्यानें २०२१ च्या जुलैंत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं निराळे नियम केले. अशा वाहनाची स्वतंत्र नोंदणी होते. मात्र तें रोजच्या वापरांत आणतां येत नाहीं, प्रदर्शनास वगैरे नेतां येतें. १९७२ च्या चेतकला आतां हा मान मिळूं शकतो. आठवण जपावयाची तर ती अशी, मूळ वस्तूंत जपावी. नव्या वस्तूकडून कामाची अपेक्षा करावी.

तेव्हां कारखानदारांनीं जुन्या गाड्यांना नवा जन्म द्यावा काय, याचें उत्तर होकारार्थीं आहे. पण त्यास अट आहे. जुनें नांव वापरावयाचें असेल तर त्या नांवाबरोबर असलेला जुना करारहि पाळावा. चेतकचा करार असा होता कीं साधारण मिळकतीच्या घरास ती परवडेल, पुष्कळ वर्षें टिकेल आणि गल्लींत दुरुस्त होईल. नवी गाडी काढणाऱ्यानें सुटे भाग व बॅटरी किती वर्षें पुरविणार हें विक्रीच्या वेळींच लिहून द्यावें, आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांस मोकळी करावी. भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं माहिती देणारी जी व्यवस्था सुरू केली, तींत मोटारगाड्यांचाहि समावेश आहे. तिचा आधार घेऊन गिऱ्हाइकानेंहि हें मागावयास संकोच करूं नये.

नागपूरच्या चौकाचौकांत अजून असे मिस्त्री आहेत, ज्यांनीं उभ्या आयुष्यांत चेतकचें इंजिन शेंकडों वेळां उघडून पुन्हां बसविलें आहे. त्यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या पोरांस नव्या चेतकचें पोट उघडतां येईल अशी तजवीज झाली, तर घोड्याचें नांव सार्थ होईल. दुकानांत नवी गाडी पाहावयास गेलेल्या गृहस्थानें तिच्या वळणांवरून खुशाल हात फिरवावा. वडिलांची आठवण झाली तर डोळेहि पुसावेत. मात्र पैसे मोजण्यापूर्वीं विक्रेत्यास एवढें अवश्य विचारावें कीं, ही दहा वर्षांनीं बंद पडली तर तिला हात कोण लावील? ज्या दुकानांत या प्रश्नाचें सरळ उत्तर मिळेल, तेथेंच चेक फाडावा.