खिडक्यांचा कारभारी



संगणकाच्या पडद्यावर आपण जी चौकट उघडतों तिला इंग्रजींत 'विंडो' हें नांव पडलें आणि मराठींत ती 'खिडकी' झाली. ह्या खिडक्या पडद्यावर कोण मांडतो, एकीवर दुसरी कोण ठेवतो, तिच्या माथ्यावर नांवाची पट्टी आणि कोपऱ्यांत बंद करण्याची फुली कोण बसवतो, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. पुष्कळ घरांतल्या संगणकांत हें काम यंत्राबरोबर आलेल्या व्यवस्थेंतच मुरून गेलेलें असतें. मालकाला तें वेगळें दिसत नाहीं आणि बदलावयाचें म्हटलें तरी बदलतां येत नाहीं. युनिक्सच्या कुळांत तसें नाहीं. तेथें खिडक्यांचा कारभार पाहणारा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. त्याला 'विंडो मॅनेजर' म्हणतात. व्यवस्थापक हा शब्द मला ह्या ठिकाणीं जड वाटतो. आपल्या जुन्या वाड्यांतून जो कारभारी असे, त्याचें आणि ह्याचें काम मला सारखेंच दिसतें. म्हणून आज मी त्याला कारभारीच म्हणेन, आणि त्याची नेमणूक कशी करावी तें सांगेन.

हा विषय आज घराघरांशीं संबंध येणारा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला. तिच्या पुढच्या आवृत्तीला जी यंत्रसामग्री लागते ती जुन्या संगणकांत नसते. त्यामुळें कित्येक धडधाकट यंत्रें भंगारांत घालावीं कीं काय, अशी चर्चा कुटुंबांतून चालू आहे. अशा यंत्रावर लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या वळणाची आणि विनामूल्य मिळणारी प्रणाली, बसवितां येते, हें आतां अनेकांना ठाऊक झालें आहे. परंतु लिनक्सबरोबर येणारी एखादी थाटाची मेजव्यवस्था जुन्या यंत्रावर घातली, तर बैलगाडीवर बंगला लादल्यासारखें होतें. तेथें साधा कारभारी उपयोगी पडतो.

थोडा पूर्वेतिहास सांगतों. युनिक्सचा आरंभ १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला, पण त्या वेळीं पडद्यावर खिडक्या नव्हत्या. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्रसंस्थेंत 'अथेना' नांवाचा प्रकल्प चालू होता. त्याच्या निमित्तानें १९८४ सालीं रॉबर्ट शायफ्लर आणि जिम गेटिस ह्यांनीं खिडक्यांची एक पद्धति सिद्ध केली. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील 'डब्ल्यू' नांवाच्या पद्धतीवरून ती निघाली म्हणून वर्णमालेंतलें पुढचें अक्षर घेऊन तिला 'एक्स' म्हटलें. तिची अकरावी आवृत्ति १९८७ सालीं निघाली, आणि तीच पुढें चालत राहिली. अथेनांत निरनिराळ्या कारखान्यांचीं यंत्रें होतीं. म्हणून एक्सच्या कर्त्यांनीं एक शहाणपणाचा निर्णय घेतला. पडद्यावर रेघ कशी ओढावी, कळ दाबली हें कोणाला कळवावें, एवढी साधनें त्यांनीं पुरविलीं. खिडकी दिसावी कशी, वागावी कशी, ह्याविषयीं मात्र हुकूम केला नाहीं. तें त्यांनीं ज्याच्या त्याच्या कारभाऱ्यावर सोपविलें. त्याच वर्षीं टॉम लास्ट्रेंज ह्यांनीं 'ट्वम' नांवाचा कारभारी लिहिला, आणि त्यानंतर अशा कारभाऱ्यांची रांगच लागली.

हा कारभारी करतो तरी काय? पडदा, कळफलक आणि माउस हीं तिन्ही एक्सच्या ताब्यांत असतात. पत्रलेखनाचा कार्यक्रम, हिशेबाचा कार्यक्रम, हे सारे त्याचे पक्षकार. कारभारीहि तसाच एक पक्षकार आहे, फक्त त्याला एक अधिकार जास्त असतो: दुसऱ्या कोणी 'माझी खिडकी उघड' अशी विनंति केली कीं ती आधीं त्याच्याकडे जाते. तो तिला चौकट बसवतो, जागा नेमून देतो, मग ती पडद्यावर येते. हा अधिकार एका वेळीं एकालाच मिळतो. एक कारभारी चालू असतांना दुसरा आणावयास गेलें तर तो तक्रार करून परत जातो. उलट कारभारी मध्येंच पडला तरी इतर कार्यक्रम मरत नाहींत. त्यांच्या चौकटी जातात, खिडक्या हलेनाशा होतात, पण लिहिलेलें पत्र आंत तसेंच असतें. नवा कारभारी आला कीं कारभार पुन्हा सुरू.

अनेकांतून मी 'ओपनबॉक्स' निवडतों. एक तर तो आटोपशीर आहे. दुसरें म्हणजे पट्टीवरचीं अक्षरें काढण्यासाठीं तो 'पँगो' ह्या साधनाचा उपयोग करतो, त्यामुळें मराठी नांवाची फाईल उघडली असतां पट्टीवर वेलांटी जागच्या जागीं दिसते आणि जोडाक्षरें फुटत नाहींत. ट्वमच्या जुन्या पद्धतीच्या अक्षरांनीं हें साधत नाहीं. मराठी घरांत हा मुद्दा लहान नव्हे.

डेबियन ह्या लिनक्सच्या प्रकारांत 'सुडो आप्ट इन्स्टॉल ओपनबॉक्स' एवढी आज्ञा दिली कीं तो येतो. पुढच्या वेळीं प्रवेश करतांना, परवलीचा शब्द देण्यापूर्वीं, सत्रांच्या यादींतून ओपनबॉक्स निवडावा. ज्यांच्याकडे असें प्रवेशद्वार नाहीं आणि जे 'स्टार्टएक्स' म्हणून सत्र सुरू करतात, त्यांनीं आपल्या घरच्या कप्प्यांतील 'डॉट एक्सइनिटआरसी' ह्या फाईलींत शेवटची ओळ 'एक्झेक ओपनबॉक्स-सेशन' अशी लिहावी. ती शेवटचीच हवी, कारण ही फाईल संपली कीं सत्र संपतें. कारभाऱ्याला मागें ठेवून फाईल पुढें गेली, तर पडदा क्षणभर उजळून पुन्हा काळा होईल.

पहिल्या दिवशीं बहुतेकांची निराशा होते. पडद्यावर कांहींच नसतें: चित्र नाहीं, खालची पट्टी नाहीं, घड्याळ नाहीं. यंत्र बिघडलें असें समजूं नये. रिकाम्या जागीं माउसची उजवी कळ दाबली कीं यादी उघडते. मधली कळ दाबली कीं उघड्या खिडक्यांची यादी येते. ओपनबॉक्स खिडक्यांपलीकडे कशाची जबाबदारी घेत नाहीं. खालची पट्टी पाहिजे असेल तर 'टिंट२' आणावा, भिंतीवरचें चित्र पाहिजे असेल तर 'फेह'. हे दोघे दररोज आपोआप यावे म्हणून त्यांचीं नांवें 'ऑटोस्टार्ट' फाईलींत लिहावीं. जो कार्यक्रम चालूच राहावयाचा आहे, त्याच्या ओळीच्या शेवटीं 'अँड'चें चिन्ह द्यावें. तें नसेल तर पुढच्या ओळी त्याच्या संपण्याची वाट पाहत बसतील.

खरें काम 'आरसी डॉट एक्सएमएल' ह्या फाईलींत आहे. तिची सार्वजनिक प्रत 'ईटीसी'मधील 'एक्सडीजी' कप्प्यांत असते. तिला हात लावूं नये. तिची नक्कल आपल्या 'डॉट कॉन्फिग'मधील 'ओपनबॉक्स' कप्प्यांत आणावी आणि त्या नकलेंत फेरफार करावे. प्रत्येक उघडलेली खूण मिटलीच पाहिजे, एवढें व्याकरण सांभाळलें कीं पुरे. फेरफार झाल्यावर 'ओपनबॉक्स डॅश डॅश रीकॉन्फिगर' म्हटलें म्हणजे सत्र बंद न करतां बदल अंगीं लागतो.

ह्या फाईलीचा उपयोग किती, तें आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या उदाहरणावरून सांगतों. त्यांचा उजवा हात थरथरतो आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनहि बारीक अक्षर त्यांना दिसत नाहीं. मुलगा परदेशीं, त्याचीं पत्रें वाचणें आणि उत्तरें लिहिणें हा त्यांचा दिवसाचा मोठा विरंगुळा. ते मला म्हणाले, "मास्तर, ह्या खिडक्या माझ्या हातांत राहत नाहींत हो. धरावयास गेलों कीं सरकतात, आणि कधीं नाहींशाच होतात. उद्यांपासून हें यंत्र नकोच."

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. कळ दाबतांना हात किंचित हलला कीं यंत्र त्याला ओढणें समजे. आरसी फाईलींत माउसच्या प्रकरणांत 'ड्रॅगथ्रेशोल्ड' नांवाचा आंकडा आहे: माउस इतके ठिपके हलल्यावांचून ओढणें धरूं नये, असा त्याचा अर्थ. तो वाढविला, आणि खिडक्या जागीं राहूं लागल्या. दोनदां कळ दाबण्यांतील अवधीहि तेथेंच वाढवितां येतो. पट्टीच्या अक्षरांचा आंकडा मुळांत आठ असतो तो सोळा केला. त्याबरोबर पट्टीची उंचीहि वाढली. खिडक्या नाहींशा होत होत्या त्या फुलीशेजारचें लहान करण्याचें बटण चुकून दाबलें जाई म्हणून. पट्टीवर कोणतें बटण कोठें असावें हें 'टायटललेआउट' ह्या ठिकाणीं अक्षरांनीं लिहिलेलें असतें: मुळांत 'एन एल आय एम सी'. ह्यांत 'एल' म्हणजे नांव, 'आय' म्हणजे लहान करणें, 'एम' म्हणजे मोठी करणें, 'सी' म्हणजे बंद करणें. मीं 'सी एल एम' एवढेंच ठेवलें. लहान करण्याचें बटण गेलें, आणि बंद करण्याचें बटण डाव्या टोकाला, इतरांपासून दूर गेलें.

खिडकी हलवावयाची असेल तर बारीक पट्टी धरण्याचीहि गरज नाहीं. डाव्या हातानें 'आल्ट' दाबून खिडकींत कोठेंहि डाव्या कळेनें धरून ओढावें, ती हलते. उजव्या कळेनें ओढावें, ती लहानमोठी होते. ही सोय मुळांतच असते. 'ॲप्लिकेशन्स'च्या प्रकरणांत मीं असेंहि लिहिलें कीं पत्रांचा कार्यक्रम नेहमीं पूर्ण पडदा व्यापूनच उघडावा. त्या कार्यक्रमाचें यंत्राच्या दृष्टीचें नांव 'ओबीएक्सप्रॉप' ही आज्ञा देऊन त्याच्या खिडकीवर एकदां कळ दाबली असतां समजतें. राहिली उजव्या कळेची लांबलचक यादी. ती 'मेनू डॉट एक्सएमएल' फाईलींत असते. तींतल्या साऱ्या नोंदी काढून मीं चारच ठेवल्या, आणि नांवें मराठींत दिलीं: पत्रें, वर्तमानपत्र, नातवाचीं छायाचित्रें, संगणक बंद. आजोबांनीं ती यादी पाहिली आणि विचारलें, "हें चालतें असें पूर्वीं कोणी कां सांगितलें नाहीं?" ह्याचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कारभारी हलका नेमल्यानें ब्राउझर हलका होत नाहीं. आजचीं वर्तमानपत्रांचीं पानें उघडलीं कीं यंत्राची स्मृति तींच खातात; कारभाऱ्याची बचत त्यापुढें थोडी. जुन्या यंत्रावर एका वेळीं दोन-तीन पानांपेक्षां अधिक उघडूं नयेत हें उत्तम. आणि फेरफार करतांना कांहीं घोटाळा होऊन पडदा अडकला, तर 'कंट्रोल', 'आल्ट' आणि 'एफ३' ह्या कळा एकदम दाबाव्या. अक्षरांचा साधा पडदा येतो. तेथें प्रवेश करून आपली आरसी फाईल बाजूला सारली आणि सत्र नव्यानें सुरू केलें कीं ओपनबॉक्स सार्वजनिक प्रत वाचून पूर्ववत् चालूं लागतो.

आतां भविष्याविषयीं. ओपनबॉक्सची ३.६.१ ही आवृत्ति २०१५ सालची आहे, आणि एक्सलाहि आतां उत्तराधिकारी आला आहे. २००८ सालीं क्रिस्टियन होग्सबर्ग ह्यांनीं 'वेलँड' ही नवी पद्धति सुरू केली. तींत पडद्याचा ताबा आणि खिडक्यांचा कारभार हीं दोन्ही कामें एकाच कार्यक्रमाकडे असतात, त्यामुळें एक्सवरचा जुना कारभारी तेथें तसाच नेमतां येत नाहीं. मोठमोठ्या मेजव्यवस्था तिकडे वळल्या आहेत. तरी ओपनबॉक्स शिकण्याचे श्रम वायां जातील अशी धास्ती नको. 'लॅबडब्ल्यूसी' नांवाचा वेलँडवरचा कार्यक्रम मुद्दाम ओपनबॉक्सच्या धर्तीवर रचलेला आहे. त्याच्याहि फाईली आरसी, मेनू आणि ऑटोस्टार्ट ह्याच नांवांच्या, आणि खुणाहि बहुतांशीं त्याच. रास्पबेरी पाय ह्या छोट्या संगणकाच्या प्रणालीनें २०२४ च्या ऑक्टोबरांत त्याचाच स्वीकार केला. ज्यांचा संगणक बरा नवा आहे त्यांनीं आरंभच तेथून करावा. ज्यांचा जुना आहे त्यांनीं ओपनबॉक्स घ्यावा, आणि आपल्या तिन्ही फाईलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी. नव्या यंत्रावर नेतांना कळांच्या नेमणुका आणि 'ॲप्लिकेशन्स'चें प्रकरण हीं दोन ठिकाणें तेवढीं एकदां ताडून पाहावीं लागतील.