दिवसाची मालकी
(वसंत व्याख्यानमालेत सातारा येथे दिलेले व्याख्यान)



दैनंदिन जीवनात आत्मविकास कसा साधावा आणि चित्ताचा समतोल कसा राखावा, हा विषय आजच्या व्याख्यानासाठी माझ्याकडे आला, तेव्हा तो उपनिषदांच्या किंवा पाश्चात्त्य मानसशास्त्राच्या आधारे मांडण्यापेक्षा आपल्याच मुलखात, खटावच्या माळापासून आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या आणि आज बहुतांशी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत वाटल्या गेलेल्या एका लहानशा संस्थानात जे प्रयोग प्रत्यक्ष झाले, त्यांच्या आधारे मांडावा, असे मला वाटले. ते संस्थान औंधचे. गावे अवघी 72, उत्पन्न बेताचे, पाऊस त्याहून बेताचा. परंतु माणसाचा रोजचा दिवस कसा असावा, या प्रश्नाचा जितका विचार या 72 गावांत झाला, तितका मोठमोठ्या संस्थानांतही झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

मला जे सांगायचे आहे ते प्रारंभीच सांगतो. माणसाची वाढ होण्यासाठी त्याला फुरसत हवी, असे आपण सारे धरून चालतो. कचेरीतून सुटल्यावर, मुलांची लग्ने उरकल्यावर, पेन्शन सुरू झाल्यावर आपण स्वतःकडे लक्ष देऊ, अशी आपली समजूत असते, आणि त्या समजुतीवर आयुष्याची ऐन उमेदीची तीस-पस्तीस वर्षे आपण पुढे ढकलतो. माझे मत असे आहे की, स्वतःच्या दिवसाचा निदान एखादा भाग आपल्या निर्णयाने लावण्याचा अधिकार आणि त्या निर्णयाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, तो भर कामातही वाढतो. आणि ज्याच्याकडे ही दोन्ही नाहीत, त्याला रिकामा वेळ कितीही दिला तरी तो वेळ त्याच्या हातून वाया जातो.

औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 सालचा. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेले, उत्तम चित्रकार, रामायणाची चित्रे स्वतः काढणारे, कीर्तनाला उभे राहणारे, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी भरघोस देणगी देणारे आणि 1935 साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे हे राजे 1909 साली गादीवर आले. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपीय मल्लाची सारी उपकरणे मागवून त्याच्या पद्धतीचा व्यायाम सुमारे दहा वर्षे निष्ठेने केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि त्यानंतर तो नेम त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. या बदलात मला मोठा अर्थ दिसतो. उपकरणांच्या व्यायामाला उपकरणे लागतात, खोली लागते, प्रवासात तो मोडतो. नमस्काराला अंगापुरती जमीन पुरते. हात जोडून उभे राहावे, कमरेतून वाकून तळवे पावलांशेजारी टेकावेत, एक पाय मागे न्यावा, मग दुसरा, कपाळ, छाती आणि गुडघे भुईला लावून साष्टांग घालावे, मान उचलून पाठीची कमान करावी, आणि आल्या वाटेने पुन्हा उभे राहावे. या साऱ्यात एकदा टेकलेले तळवे नमस्कार पुरा होईपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, असा औंधच्या पद्धतीचा कटाक्ष. मंत्र, श्वास आणि हालचाल एकाच वेळी सांभाळावी लागत असल्यामुळे दरबारच्या कामाचा विचार तेवढ्या वेळापुरता आपोआप बाजूला राहतो. राजाच्या दिवसातही असंख्य अर्जदार, कारभारी आणि पाहुणे वाटेकरी असतात. त्या दिवसाचा पहिला भाग त्यांनी कोणाच्याही स्वाधीन केला नाही.

येथे माझा एक मतभेद मी आदरपूर्वक नोंदवितो. महाराजांनी संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले. हेतू निर्मळ होता, आणि अनेक मुलांची छाती त्यामुळे भरली असेल, याविषयी मला शंका नाही. परंतु स्वतः महाराज नमस्कारांकडे वळले ते दहा वर्षे दुसरी एक पद्धत करून पाहिल्यानंतर, स्वतःच्या अनुभवाची वजाबाकी करून. आणि मुलांना मात्र तो हिशेब करण्याची संधी न देता थेट उत्तर हाती दिले गेले. हुकुमाने नमस्कार घालून घेता येतात, दिनचर्या लावून देता येत नाही. आजही आपण घरोघर मुलांचा दिवस शाळा, शिकवणी, छंदवर्ग आणि पुन्हा शिकवणी असा भरून टाकतो आणि हे मूल सुट्टीत हातात मोबाईल घेऊन सुन्न का बसते, याचे नवल करतो. त्याने स्वतः लावलेला एक तासही त्याच्या दिवसात कधी नव्हता, हे आपल्या ध्यानात येत नाही.

याच संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना आणला. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेलेले. डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत, असे निष्पन्न झाल्यावर त्यांनी यंत्ररेखाटन धरले, पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर. तेथील जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा औंधकरांनी जमीन आणि भांडवल देऊन त्यांना बोलावले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीचे राखणदार नेमले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली असेल; ज्यांच्या दिवसावर इतरांचा ताबा होता, त्यांच्याच हाती त्यांनी निर्णय आणि जबाबदारी सोपविली.  

किर्लोस्करांचे नांगर गावोगाव खपविण्याचे काम काही काळ ज्यांनी केले, त्या भाऊराव पाटलांविषयी सातारकरांना मी वेगळे काय सांगावे? 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह, 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण, हा क्रम येथील शाळकरी पोरालाही पाठ असतो. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटात अन्न घातले, हेही आपण जाणता. मला लक्ष वेधायचे आहे ते त्या बोर्डिंगातल्या दिवसाकडे. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वयंपाकापासून शेतकामापर्यंतचा भार स्वतः उचलीत आणि त्याच अंगमेहनतीच्या दिवसात अभ्यास करीत. गरिबीमुळे पत्करावी लागलेली ही व्यवस्था होती, असे कोणी म्हणेल. आणि ते अंशतः खरेही आहे. परंतु श्रम आणि विद्या यांची अशी सांगड पडल्यावर मुलाला आपल्या दिवसाचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागतो, सकाळी किती खणले आणि रात्री किती वाचले याचा ताळा स्वतःच घालावा लागतो, आणि हा ताळा घालता घालता अठरा वर्षांच्या मुलाला चाळिशीचे भान येते. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत चालते. तिचे मूळ या मातीत आहे.

आता मी या विषयाच्या गाभ्याकडे येतो. 1938 च्या सुमारास भवानरावांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना 1939 च्या जानेवारीत अंमलात आली. या कामी राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते होते. बंगळूरच्या विजेच्या कारखान्यातील मोठी नोकरी सोडून ते ‘भारतानंद’ या नावाने संन्यासी झाले होते. पुढे मुंबईत विडीचे दुकान चालवीत संसार करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत उतरवून जगापुढे ठेवणारे ते हेच. याच फ्रीडमन यांच्या सूचनेवरून आटपाडीजवळ, 1939 साली, गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांची एक वसाहत स्थापन झाली. तिला नाव दिले स्वतंत्रपूर. तेथे तट नव्हता. कैद्याने शेती करावी, बायकामुलांना जवळ आणून राहावे, आणि शिक्षेची मुदत अशा रीतीने पुरी करावी, असा तेथील शिरस्ता.

बंद तुरुंगातील दिवस कसा असतो, याची कल्पना करा. उठण्याची घंटा, हजेरीची घंटा, भाकरीची, कामाची, झोपेची घंटा. तेथे फुरसत पुष्कळ असते, आणि निर्णय एकही नसतो. दहा वर्षे असा दिवस जगलेला माणूस दाराबाहेर पडतो तेव्हा त्याच्या ठायी गुन्ह्याची वासना उरलेली असो वा नसो, आज सकाळी उठून काय करावे हे ठरविण्याची शक्ती मात्र नाहीशी झालेली असते. उलट आटपाडीच्या त्या माळावर, विहिरीचा तळ दिसू लागला असता, आजचे पाणी मिरचीच्या वाफ्याला द्यावे की जोंधळ्याला, हे त्या कैद्यालाच ठरवावे लागणार. निर्णय चुकला तर पीक त्याचेच जळणार आणि घरात त्याचीच मुले उपाशी राहणार. ज्या हाताने कधी दुसऱ्याचा जीव घेतला असेल, त्या हाताला रोज एखाद्या रोपाच्या जगण्यामरण्याचा विचार करावयास लावणे, याहून मोठे प्रायश्चित्त धर्मशास्त्रातही मला आढळले नाही. या प्रयोगाच्या प्रेरणेने ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. माडगूळकर स्वतः त्याच परिसरातले, औंधच्या शाळेत शिकलेले. स्वतंत्रपूरची वसाहत आजही आहे, आणि माझी आपणांस विनंती आहे की आटपाडीच्या बाजूला जाणे झाले तर तिची माहिती अवश्य करून घ्यावी.

कोणी विचारील की, राजाला, उद्योगपतीला आणि अगदी कैद्यालाही जे साधले, ते ज्याच्या दिवसाचे आठ तास कचेरीने, दोन तास एस.टी.ने आणि उरलेले प्रपंचाने जप्त केले आहेत, त्याला कसे साधावे? त्याला माझे उत्तर एवढेच की, सारा दिवस आपला व्हावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. तशी कोणाचीच मालकी नसते. पहाटेचा पाऊण तास घ्या. सांगलीच्या हळदपेठेत दिवसभर सौद्यांची बेरीज करणारे माझ्या परिचयाचे एक दिवाणजी पहाटे कृष्णेच्या घाटावर पोहून येतात आणि मग घरी तंबोरा लावून बसतात. त्यांचे गाणे कोणी ऐकलेले नाही, ऐकविण्याची त्यांना इच्छाही नाही. व्यापारी चढ्या आवाजात भांडत असता या माणसाचा स्वर खाली राहतो, हे मी पेढीवर बसून पाहिले आहे.

परंतु हा पाऊण तास ज्यांना कोणीच देत नाही, अशी निम्मी माणसे आपल्या घरात आहेत, आणि त्यांच्याविषयी न बोलता हे व्याख्यान संपविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. नळाला पाणी कधी येणार, डबा कितीचा, सासऱ्यांचे औषध कोणत्या वेळी, पाहुणे किती, या साऱ्यांवरून घरातील स्त्रीचा दिवस ठरतो. जबाबदारी सगळी तिची, आणि अधिकार दुसऱ्या कोणाकोणाचा. आत्मविकासाची प्रवचने तिलाच सर्वांत अधिक ऐकविली जातात, आणि तिचा पहाटेचा तास मात्र आपल्या चहात खर्च होतो. पुरुषांनी स्वतःचा चहा स्वतः करावा, येथून आरंभ होऊ शकेल. घराचे वेळापत्रक सर्वांनी एकत्र बसून ठरवावे आणि त्यात तिचा तास प्रथम लिहावा. 72 गावांच्या राजाने आपला अधिकार गावच्या पंचांना दिला, तर चार खोल्यांच्या घरधन्याला हे जड जाऊ नये.

आज या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत नजर टाकली असता भगिनींची संख्या फारच थोडी दिसते. व्याख्यानाची वेळ सायंकाळी साडेसहाची, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची, वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. पुढील वर्षी निदान दोन व्याख्याने दुपारी तीन वाजता ठेवावीत आणि त्यांचे विषय भगिनींनाच विचारून ठरवावेत, असा अर्ज मी लिहून आणला आहे. तो अध्यक्षमहाराजांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.