टेलर मंझिल आणि सुरपूरचा राजा

सुरपूरच्या टेकडीवरील टेलर मंझिल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १८४१ ते १८५३ या काळात मेडोज टेलर तेथे संस्थानचा कारभार पाहत. त्यांनीच ही वास्तू उभारिली. बालराजा वेंकटप्पा नायक त्यांस ‘अप्पा’ म्हणे. वास्तूस नाव पालकाचे राहिले, पाल्याचे नाही, हे मनास थोडे खटकते. १८५८ साली राजा इंग्रजांविरुद्ध उठला व बंदी झाला. कारागृहात टेलर त्यास भेटले. परंतु उठावातील साथीदारांची नावे राजाने सांगितली नाहीत. देहान्ताची शिक्षा सौम्य होऊन शेवटी चार वर्षांची कैद ठरली होती. तिकडे नेताना वाटेतच, पिस्तुलाच्या गोळीने, त्याचा अंत झाला.