कॅज्युअल्टीतलं उरलेलं रक्त



१२ जुलै २०१६. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात एकाच वस्तीतल्या ३३ माणसांना एकदम काहीतरी झालं. नजर शून्यात लागलेली, हाक मारली तर बऱ्याच वेळानं हालचाल, हातपाय यंत्रासारखे सावकाश हलताहेत, मधूनच कण्हण्याचा आवाज. पाहणाऱ्यांनी त्यांना ‘झोंबी’ म्हटलं आणि वर्तमानपत्रांनी तोच शब्द मथळ्यांत घेतला. मला तो शब्द खटकतो. ती आजारी माणसं होती. त्यांच्यातल्या १८ जणांना ॲम्ब्युलन्समधून रुग्णालयात न्यावं लागलं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना दिसत होतं की ही कसली तरी नशा आहे. पण कसली? रुग्णालयात लघवीची जी नेहमीची चाचणी होते, ती ठरावीक जुने पदार्थ ओळखते. प्रयोगशाळेत घडवलेले नवे रेणू तिच्या तावडीतून सुटतात. मग आठ रुग्णांचे नमुने सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या रॉय गेरोना यांच्या प्रयोगशाळेकडे गेले. रक्तात मूळ पदार्थ नव्हताच, शरीरानं तो केव्हाच मोडून टाकला होता. उरला होता त्याचा एक तुकडा. वस्तीत विकल्या जाणाऱ्या ‘एके-४७ २४ कॅरट गोल्ड’ नावाच्या पाकिटातला पालाही तपासला गेला, आणि तो तुकडा त्या पाल्यावर फवारलेल्या रसायनाशी जुळला. रसायनाचं नाव एएमबी-फ्युबिनाका. गांजातल्या मुख्य घटकापेक्षा ते सुमारे ८५ पट जहाल. एका मोठ्या औषध कंपनीच्या २००९ सालच्या पेटंटमध्ये याच कुळातला रेणू नोंदलेला होता. पेटंटचे कागद कुणालाही वाचता येतात. बेकायदा रसायनं बनवणारेही ते वाचतात.

आता कुणी विचारेल, नाव कळून त्या ३३ जणांना काय मिळालं? त्यांच्यावरचे उपचार नावावाचूनच झाले होते. प्रश्न रास्त आहे. आजचं माझं बोलणं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी नावावाचून काय करता येतं ते सांगतो. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल ही सगळी अफूच्या वळणाची द्रव्यं. ती मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला झोपवतात. माणूस बेशुद्ध पडतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मिनिटाला चार-पाचवर येतो आणि मग थांबतो. मरण येतं ते श्वास थांबल्यामुळे. त्यामुळे डॉक्टर किंवा ॲम्ब्युलन्समधला कर्मचारी पहिलं काम करतो ते श्वास देण्याचं, आणि दुसरं नॅलोक्झोन देण्याचं. हा उतारा १९६१ मध्ये मोझेस लेव्हनस्टाइन आणि जॅक फिशमन यांनी शोधला. अफूचे रेणू मेंदूत जिथे चिकटतात, तिथून तो त्यांना हुसकून लावतो. दोन-तीन मिनिटांत निळा पडलेला चेहरा पुन्हा लाल होऊ लागतो. अमेरिकेत आज हे औषध नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं. ही परवानगी मात्र २०२३ मध्ये आली, म्हणजे शोधानंतर बासष्ट वर्षांनी. फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसनं गेला. हा उतारा शोधणाऱ्याच्याच कुटुंबातल्या मुलापर्यंतही तो वेळेवर पोहोचला नाही.

फेंटानिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट जहाल. तेव्हा उताराही जास्त जहाल हवा, असं कुणालाही वाटेल. तसा फवारा बाजारात आलाही, ४ मिलिग्रॅमऐवजी ८ मिलिग्रॅमचा. न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसांनी २०२२-२३ मध्ये दोन्ही वापरले आणि नोंदी ठेवल्या. दोन्ही गटांत साधारण ९९ टक्के लोक वाचले. फरक पडला तो त्रासात. उलट्या, थरथर, अंगदुखी अशी नशा तुटल्याची लक्षणं ४ मिलिग्रॅमला १९ टक्के लोकांत दिसली, तर ८ मिलिग्रॅमला जवळजवळ ३८ टक्क्यांत. ज्याला शुद्धीवर येताच असा छळ भोगावा लागला, तो पुढच्या वेळी मदत नाकारतो, किंवा तळमळ शमवायला लगेच पुन्हा नशा करतो. या अभ्यासाचं मोल मला फार वाटतं. तर्काला जे उघड दिसत होतं, ते नोंदवहीनं खोडून काढलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. नायटाझीन नावाच्या रेणूंचं एक कुळ आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९५० च्या दशकात वेदनाशामक म्हणून ते शोधले गेले आणि औषध म्हणून कधीच विकले गेले नाहीत. साठ वर्षं कागदावर पडून राहिलेले हे रेणू २०१९ च्या सुमारास रस्त्यावरच्या पुड्यांत सापडू लागले. हे कळलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे.

कॅज्युअल्टीत रुग्ण आला की रक्त घेतलं जातं. साखर, क्षार, मूत्रपिंडाचं काम पाहून झालं की नळीत थोडं रक्त उरतं आणि एरवी ते कचऱ्यात जातं. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ डॉक्टरांच्या ‘टॉक्सिक’ या गटानं २०२० पासून ठरवलं की ओव्हरडोसच्या रुग्णांचं हे उरलेलं रक्त टाकायचं नाही. रुग्णाची ओळख काढून ते पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथलं यंत्र रेणूंचं अचूक वजन मोजून शेकडो ज्ञात पदार्थांच्या यादीशी ताडून पाहतं. सोबत रुग्णाची हकिकत जाते. श्वास किती होता, नॅलोक्झोन किती वेळा द्यावं लागलं, हृदय थांबलं का, माणूस जगला का. रेणू एका बाजूला आणि रुग्णाचे हाल दुसऱ्या बाजूला, अशी जोडी जुळते. त्यातूनच २०२३ मध्ये दिसलं की नायटाझीनच्या रुग्णांना फेंटानिलच्या रुग्णांपेक्षा नॅलोक्झोन जास्त वेळा द्यावं लागलं. मेटोनिटाझीन ज्या दोघांच्या रक्तात सापडलं, त्या दोघांचंही हृदय बंद पडलं होतं. रुग्ण अगदी थोडे आहेत, म्हणून मी यावर फार मोठा निष्कर्ष उभारणार नाही. पण रात्रपाळीच्या डॉक्टराला एवढं तरी कळलं, की पहिल्या मात्रेला श्वास आला नाही तर हात आखडायचा नाही. श्वास देत राहायचा आणि मात्रा पुन्हा द्यायची. सुरुवात लहान मात्रेनं करायची, नजर श्वासावर ठेवायची.

आणि नाव कळल्यावरच जीव वाचतो, अशीही उदाहरणं आहेत. २०१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातल्या रुग्णालयांत तरुण माणसं रक्तस्राव घेऊन येऊ लागली. नाकातून रक्त, हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त. त्यांच्यात समान धागा एकच होता, सगळ्यांनी कृत्रिम गांजा ओढला होता. तपासात निघालं ब्रोडिफॅकूम, म्हणजे उंदीर मारायचं विष. ते रक्त गोठू देत नाही आणि शरीरात आठवडेच्या आठवडे मुक्काम करतं. नाव कळल्याबरोबर उपचार कळला, जीवनसत्त्व ‘के’, मोठ्या मात्रेत आणि महिनोन् महिने. दीडशेच्या वर लोकांना ही बाधा झाली. मृत्यू मात्र मोजके राहिले.

फिलाडेल्फियात सध्या तसंच काही चाललं आहे. तिथल्या फेंटानिलमध्ये आधी झायलाझिन मिसळलं जात होतं, २०२४ पासून मेडेटोमिडीन येऊ लागलं. दोन्ही गुरांच्या, कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांकडची भुलीची औषधं. नॅलोक्झोनचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. मेडेटोमिडीनची सवय तुटली की रक्तदाब आणि नाडी इतकी चढते की माणसाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या या रुग्णांना नेमकं काय झालं आहे, हे पुड्यांच्या आणि रक्ताच्या तपासणीनंतरच उलगडलं.

श्वास परत आला, नावही कळलं. पुढे काय? मला वाटतं, या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं संशोधन इथून सुरू होतं आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मॅसॅच्युसेट्स राज्यात ओव्हरडोसमधून वाचून कॅज्युअल्टीतून घरी गेलेल्या ११,५५७ लोकांचा माग डॉक्टरांनी काढला. वर्षभरात त्यांतले ६३५ जण वारले. त्यांतल्या पाचांतला एक पहिल्या महिन्यातच गेला, काही तर पहिल्या दोन दिवसांत. म्हणजे आपण ज्याला ‘वाचला’ म्हणून घरी पाठवतो, तो धोक्याच्या ऐन मध्यावर उभा असतो. येल विद्यापीठाच्या गेल डी’ओनोफ्रिओ यांनी २०१५ मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अफूच्या वळणाच्या व्यसनाचे ३२९ रुग्ण. काहींना नुसता व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला, काहींशी बोलून केंद्राची सोय करून दिली आणि काहींना कॅज्युअल्टीतच ब्युप्रेनॉर्फिन हे तळमळ शमवणारं औषध सुरू करून दिलं. महिन्यानं पाहिलं तर पत्ता घेतलेल्यांपैकी ३७ टक्के लोक उपचारात होते, औषध घेऊन गेलेल्यांपैकी ७८ टक्के. तशीच माणसं, तेच व्यसन. फरक इतकाच की त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही.

अमेरिकेत २०२२ मध्ये ओव्हरडोसनं सुमारे १ लाख ८ हजार माणसं मेली. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. कारणं अनेक सांगतात. घरोघरी पोहोचलेलं नॅलोक्झोन हे त्यांतलं एक.

आपल्याकडचं विष वेगळं आहे. १९८० च्या दशकात महाराष्ट्रानं ‘गर्द’ नावाची नशा पाहिली. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. आज आपल्या शहरांतल्या पोरांच्या तोंडी नाव आहे ते ‘एमडी’चं, म्हणजे मेफेड्रोनचं. २०१५ च्या फेब्रुवारीत ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. २०२४ च्या फेब्रुवारीत दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून पुणे पोलिसांनी त्याचा प्रचंड साठा पकडला. एमडी श्वास झोपवत नाही, उलट शरीर पेटवतं. छाती धडधडते, ताप चढतो, झटके येतात, माणूस भ्रमात ओरडू लागतो. इथे नॅलोक्झोनचा उपयोग नाही. माणसाला शांत करणारं औषध, थंडावा आणि सलाईन हेच उपचार. लघवीची झटपट पट्टी मेफेड्रोन भरवशानं ओळखत नाही. शिवाय ‘एमडी’ म्हणून घेतलेल्या पुडीत एमडीच असेल याची हमी कोण देणार?

छापा पडला की किती किलो आणि किती कोटी हे आपल्याला दुसऱ्या दिवशी वाचायला मिळतं. त्या आठवड्यात कॅज्युअल्टीत आलेल्या मुलांच्या रक्तात काय होतं, हेही डॉक्टरांना तितक्याच लवकर कळायला हवं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयासाठी असतो, रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या डॉक्टरासाठी नसतो. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथल्या चार-पाच मोठ्या रुग्णालयांनी जरी उरलेलं रक्त ठेवून, नावं काढून एका प्रयोगशाळेकडे पाठवायचं ठरवलं, तरी सुरुवात होईल.

पण रक्त तपासायला रुग्ण आधी रुग्णालयात पोहोचायला हवा, आणि तिथे अडचण भीतीची आहे. मित्र बेशुद्ध पडला की बाकीचे पळतात, कारण पोलीस केस होईल. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यानं २००७ मध्ये कायदा केला की ओव्हरडोससाठी मदत बोलावणाऱ्यावर नशा बाळगल्याचा खटला भरायचा नाही. नंतर तिथल्या बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिलं आहे. नशेनं पडलेल्या मित्राला उचलून आणणाऱ्या पोरालाही ते मिळावं, असं मी आग्रहानं म्हणतो. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही अटींवर खटल्यापासून सूट देणारं कलम ६४-अ आपल्या कायद्यात आजही आहे. आईवडिलांनी ते वकिलाकडून समजून घ्यावं.

तोवर, कुणी असं पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा, तोंडातली उलटी बाजूला करा, श्वास मोजत राहा. श्वास थांबला तर तोंडानं द्या. अंग तापलं असेल तर कपडे सैल करून ओल्या फडक्यानं पुसा. लिंबू, मीठ, ताक काहीही पाजू नका. पुडी, पाकीट, गोळी, जे आसपास सापडेल ते सोबत न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा, काय घेतलं, किती वाजता, आणखी कुणी घेतलं. व्यसनाबद्दल सल्ला हवा असेल तर सरकारचा मोफत दूरध्वनी आहे, १४४४६.