बोलायला जायचं कुठे?



साहित्याच्या व्याख्यानमालेत मी मानसोपचारावर बोलणार, याचं काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, एवढीच माझी शिदोरी. पण हा विषय मला भाषेचाही वाटतो. तो माझ्या घरात आला, तेव्हा भाषा शिकवणाऱ्या या बाईला समोरचं साधं वाक्य ऐकू आलं नाही. म्हणून आज उभी आहे.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी असलेला आबे फारियाचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. १९४५ सालचा, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा. हात पसरून उभा फारिया आणि त्याच्यापुढे मागे कोसळणारी स्त्री. लहानपणी मला त्या पुतळ्याची भीती वाटायची. मनाचा उपचार म्हणजे कुणीतरी पुढ्यात उभं राहून आपल्या मनाचा ताबा घेणार, ही समजूत बहुधा तिथूनच माझ्या डोक्यात शिरली. खरा फारिया नेमकं उलट सांगत होता. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये प्रयोग करणाऱ्या या पाद्रीचं म्हणणं असं, की संमोहन करणाऱ्याच्या अंगी कसलीही शक्ती नसते. जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडतं. पुतळ्यात हे दिसत नाही.

आता घरातली गोष्ट. ती सांगायला सुनेची परवानगी आहे. नाव घ्यायचं नाही, एवढीच तिची अट.

ती बेळगावकडची, मराठी बोलणारी. आमच्या घरात कोकणी. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. नातू झाला, घर आनंदात. ही मात्र रात्र रात्र जागी. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नसे. ‘डोकं भणभणतं, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही,’ म्हणायची. मी डिंकाचे लाडू वाढवले, अळिवाची खीर केली. एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘आई, हे बाळ मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं.’ मी म्हटलं, ‘शुभ बोल गं. तिन्हीसांजेला असलं बोलू नये.’ मीठ-मोहऱ्या घेऊन दोघांची दृष्ट काढली. त्यानंतर आठ महिने ती मला काहीच बोलली नाही, आणि मला वाटलं, बरं वाटतंय.

तिला विचारलं ते आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेनं. बाळाला डोस द्यायला नेलं होतं. बाळाचं वजन, बाळाचं दूध असं सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, ‘आणि तू कशी आहेस?’ सून तिथेच बाकावर बसून रडली.

हे आमच्याच घरातलं नव्हतं, हे मला पुढे वाचून कळलं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा इस्पितळात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात २३ जणींना नैराश्य होतं. त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. गोव्यातच पुढे ‘अंगावरून पांढरं जातं’ या तक्रारीचा शोध घेतला गेला. तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी आणि घरातल्या परिस्थितीशी जास्त निघाला. बाई पोट, पाठ, पांढरं पाणी सांगते. आपण तेवढंच ऐकतो आणि गोळी आणतो.

आमच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड. हे बरोबरच होतं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी असंच गळून जायला होतं. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. इथे आपला नेहमी गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेले, औषध लिहून देणारे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात; त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तिचा क्रमांक विचारायला लाजू नये. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कमीअधिक शिकलेले अनेक जण लावतात, तेव्हा शिक्षण कुठलं, अनुभव किती, हे फोनवरच विचारावं. साडी घेताना आपण पदर उलटून पाहतो.

सून पहिल्यांदा ज्या बाईंकडे गेली, त्या शिकलेल्या, सौम्य. पण सगळं इंग्रजीत. हिला इंग्रजी उत्तम येतं. तरी तासभर ‘स्ट्रेस’ आणि ‘अँग्झायटी’ बोलून ती कोरडीच परत आली. तिसऱ्या खेपेनंतर म्हणाली, ‘तिथे मी फार शहाणी असते.’ मग मराठी जाणणाऱ्या दुसऱ्या बाई शोधल्या. त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून निघालं, ‘मला बाळाचा राग येतो, आणि त्या रागाची भीती वाटते.’ उपचार सुरू झाला तो या वाक्यापासून, असं तीच सांगते. म्हणून, फी आणि वेळ विचाराल तेव्हा भाषाही विचारा. स्त्रीच हवी असेल तर तसं सांगा. तीन-चार भेटींत जीभ मोकळी झाली नाही, तर बदला. त्यात कुणाचा अपमान नाही.

पहिल्या भेटीत काय बोलायचं, हा प्रश्न मला खूप जणी विचारतात. ‘कुठून सुरू करू कळत नाही,’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पुढचे प्रश्न त्या विचारतात. भेट साधारण पाऊण तासाची. सोबत सासू किंवा नवरा आला, तर त्याने बाहेर बसावं. मी पहिल्या दिवशी आत जाऊन बसले होते. बाईंनी मला नम्रपणे बाहेर पाठवलं. रागच आला होता. रुग्णानं सांगितलेलं गुप्त ठेवणं हे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बांधून दिलेलं आहे. त्याला मोजके अपवाद आहेत; जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी.

पैशाचं बोलू. बाईच्या दुखण्यावर खर्च करताना घर हात आखडतं, आणि दुखणं दिसत नसेल तर मूठच उघडत नाही. बांबोळीची मानसोपचार संस्था सरकारी आहे. २०२२पासून १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही. आणि उपचार वर्षानुवर्षं चालतो असं नाही. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे जणांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. भेटी सहा ते आठ. मन उदास म्हणून सोडून दिलेली कामं, भेटीगाठी थोड्या थोड्या करून पुन्हा धरायच्या, हा गाभा. पुष्कळांना गुण आला.

एक गोष्ट मात्र थांबून सांगते. बाळंतिणीला कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, ती भलतंच बोलत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं मनात येत असेल, तर भेटीची वेळ ठरवत बसू नका. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी इस्पितळात न्या. दृष्ट नंतर काढा, काढायचीच असेल तर.

नातू आता दुसरीत आहे. सून अजून अधूनमधून त्या बाईंकडे जाते. त्या दिवशी त्याचा अभ्यास मी घेते. ती परत आली की चहा ठेवते, आणि आत काय बोलणं झालं ते विचारत नाही. विचारावंसं मात्र दर वेळी वाटतं.