चिरगावचे छप्पर

झाशीहून कानपूरकडे जाताना चिरगाव लागते. कवी मैथिलीशरण गुप्तांचे हे गाव. बुंदेलखंडातील जुन्या घरांवर मातीची कौले असतात. ती वरचेवर चाळावी लागतात.

प्रधानमंत्री आवास योजनेतून २०१६ पासून सपाट प्रदेशातील पात्र ग्रामीण कुटुंबास १,२०,००० रुपये मिळू लागले. पण पैसा म्हणजे घर नव्हे! विटा, कौले आणि गवंडी परगावाहून आणले, तर अनुदानही त्यांच्यामागून परगावी जाते.

झाशीलगतच्या ओरछ्यात ‘डेव्हलपमेंट आल्टर्नेटिव्ह्ज’ या संस्थेने ‘ताराग्राम’ केंद्र उभारून निराळी वाट धरली. सिमेंट, वाळू व बारीक खडी यांचा पातळ थर कंप पावणाऱ्या मेजावर पसरावयाचा, साच्यावर घालून त्यास आकार द्यावयाचा, मग पाण्यात मुरू द्यावयाचा, की कौल तयार. भट्टी नाही, सरपण नाही. गावातलाच माणूस हा धंदा मांडू शकतो. चिरगावच्या वाटेवरच पारीछ्याचे औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशाची राख विटांना चालते.

अडचण आहे ती छपराच्या सांगाड्याची. या कौलांना अगदी मापात ठोकलेल्या रिपा लागतात. वाकड्यातिकड्या लाकडांवर ती नीट बसत नाहीत, आणि घर गळते. तेव्हा यंत्राच्या आधी सुतार तयार करावा लागतो. त्याच्या शिकवणीचा खर्च कोणत्या सदरात घालावयाचा, एवढे विकासमंडळांनी प्रथम ठरवावे.