बुडबुड्यांचा हिशेब



आपल्याकडे बुडबुडा म्हटलं की क्षणभंगुर, नाशवंत असाच अर्थ घेतात. आज मी जरा वेगळं सांगणार आहे. दवाखान्यातली कित्येक प्रतिजैविकं बुडबुड्यांच्या जिवावर बनतात. मी रासायनिक अभियंता आहे. मोठ्या टाकीत बुडबुडे कसे वागतील, याचं गणित संगणकावर मांडणं हे माझं रोजचं काम.

१९४१ साली ऑक्सफर्डमध्ये जंतुसंसर्ग झालेल्या एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. तो सुधारू लागला. पण औषधच संपलं आणि तो वाचला नाही. औषध सापडलं होतं, पुरेसं बनवता येत नव्हतं. तेव्हा बुरशी उथळ भांड्यांत, पृष्ठभागावर वाढवत असत. मग ती खोल टाक्यांत वाढवायचं तंत्र आलं आणि १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनला अशा टाक्यांचा मोठा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली.

खोल टाकीत अडचण कोणती? बुरशीला श्वास लागतो. पाण्यात साखर हवी तेवढी विरघळते. पण साध्या हवेतला प्राणवायू लिटरभर पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो. बुरशी तो भराभर संपवते, म्हणून हवा सतत सोडावी लागते. आणि प्राणवायू पाण्यात जातो तो बुडबुड्याच्या पृष्ठभागातून.

आता साधा हिशेब करा. एक लिटर हवेचा एकच गोळा केला, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ४८० चौरस सेंटिमीटर. त्याच हवेचे दोन मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले, तर ते होतात जवळपास दोन लाख चाळीस हजार आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग तीन चौरस मीटर. साठ पटींहून जास्त! हवा तेवढीच, फरक फक्त आकाराचा.

हे फोडण्याचं काम टाकीतला पंखा करतो. ताक घुसळणारी रवी आठवा. इथं मोटरीवर फिरणारी, पात्यांची रवी आहे. पात्यांजवळच्या खळबळीत बुडबुडे फुटतात, पुढे शांत जागी एकमेकांना भेटून परत मोठे होतात. हवा फार सोडली आणि पंखा मंद असला, तर तो हवेत बुडून जातो. हवा मधूनच सरळ वर निघून जाते आणि कडेची बुरशी गुदमरते.

दहा लिटरच्या टाकीत जमलेलं लाख लिटरच्या टाकीत जमेल का? टाकी तशीच, फक्त मोठी केली आणि दर लिटरमागे शक्ती तेवढीच दिली, तरी सगळं मिसळायला सात-आठ पट वेळ लागतो. एक गोष्ट सांभाळली की दुसरी हातची निसटते. पूर्वी याला एकच उपाय होता: मधल्या आकाराच्या टाक्या बांधत, पैसे घालत, पायरी पायरीनं वर जायचं.

संगणक इथं मदतीला येतो. टाकीचे कागदावर लाखो बारीक कप्पे पाडायचे. प्रत्येक कप्प्यात किती द्रव आला, किती गेला, हवा किती, वेग किती, याची समीकरणं सोडवायची. सोबत बुडबुड्यांची शिरगणती ठेवायची: या आकाराचे किती, त्यातले किती फुटले, किती जुळले. या विषयात आपल्या महाराष्ट्रात मोठं काम झालं आहे. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विवेक रानडे यांनी. रानडे यांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ २००२ मध्ये आला.

पण सावध राहा. संगणक शेवटी रंगीत चित्र देतो. लाल-निळं, देखणं. बैठकीत ते पडद्यावर आलं की माणसं माना डोलावतात. चित्र देखणं आहे म्हणून ते खरं ठरत नाही. बुडबुडे फुटण्याचं आणि जुळण्याचं सूत्र पूर्णपणे निसर्गनियमातून आलेलं नसतं. त्यात काही आकडे प्रयोगाशी जुळवून घेतलेले असतात.

म्हणून माझ्याकडे कुणी असं चित्र आणलं की मी चार प्रश्न विचारतो. कप्पे दुप्पट केले तर उत्तर बदलतं का? मोटर खरोखर किती शक्ती ओढते आणि तुमचं गणित किती सांगतं? आकडे ज्या टाकीवर जुळवले, परीक्षाही त्याच टाकीवर घेतली का? आणि शेवटचा: ही परीक्षा साध्या पाण्यात झाली की बुरशीच्या रसात? कारण तो रस पेजेसारखा दाट होतो आणि त्यात बुडबुडे पाण्यातल्यासारखे वागत नाहीत. पाण्यात पास झालेलं गणित तिथं नापास होऊ शकतं.

हा नुसता पंडिती वाद नाही. ज्या देशानं पिंपरीला पेनिसिलिन बनवलं, तो पुढे त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर चीनकडून घेऊ लागला. स्वस्त पडत होतं म्हणून. २०२० मध्ये सरकारला प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन-जीचं नाव घालावं लागलं. कारखाना पैशानं उभा राहील. पण तो परवडेल की नाही, हे टाकीतल्या प्रत्येक युनिट विजेतून किती प्राणवायू विरघळतो यावरही ठरेल. ते गणित करणारी माणसं हवीत.

ती तुमच्यातून का येऊ नयेत? ओपनफोम नावाची प्रणाली फुकट मिळते, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ती शिकण्यासाठी मदत करतो. साध्या लॅपटॉपवर छोट्या टाकीचं गणित सुटतं. महागडा परवाना नाही, ओळख-वशिला नाही. बारावीचं कलनशास्त्र पक्कं करा, मग पुढचं शिकता येतं. मुलींना मी मुद्दाम सांगतो, घरी कुणी म्हणालं 'हे कारखान्याचं काम, तुझं नाही', तर हे गणित उघडून दाखवा.

आणि उत्तर आलं की लगेच खूश होऊ नका. आधी ते मोजमापाशी ताडून पाहा, मग कारखान्याच्या हवाली करा. त्या टाकीतून निघालेलं औषध कुणाच्या तरी नसेत जाणार आहे.

आता तुमचे प्रश्न विचारा.